‘फॅमिली आर्ट वर्कशॉप’, बडोदं: पाचपैकी तीन, आणि ते का

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक मोकळे. शहराच्या पश्चिमेकडच्या एका बंगल्यातल्या खाजगी गॅलरीत मे महिन्यात मुलं आणि घरची मोठी माणसं मिळून करायचं तीन सकाळींचं वर्कशॉप होतं. मी दोन नातवंडांना घेऊन गेले. नात दहा वर्षांची, नातू सहाचा. पाचपैकी तीन तारे. त्यातला एक तारा एका मदतनीस मुलीचा, एक एसीचा आणि एक तिसऱ्या दिवसाचा. गॅलरीचं नाव लिहीत नाही. त्यांची ही पहिलीच सुट्टी होती आणि राबणारी पोरं मनापासून राबत होती. शिवाय बडोद्यात हल्ली अशी वर्कशॉपं बऱ्याच ठिकाणी निघतात, त्यामुळे मी लिहितेय ते कुठेही पैसे भरण्याआधी उपयोगी पडेल.

फी मुलामागे सहाशे आणि बरोबरच्या मोठ्या माणसाचे तीनशे. मोठ्या माणसाचे कशाला, असं मी काउंटरवर विचारलं तर म्हणाले, ‘आंटी, तुम्हालाही करायचंय ना, फॅमिली आहे.’ बरं म्हटलं. जन्मात कोणी मला रंग हातात दिले नव्हते, बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघण्यात गेली. मी हौसेनं तीनशे भरले.

पहिल्या सकाळी आम्हा मोठ्यांना भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बसवलं. मुलांना टेबलं, ॲप्रन, रंग, आणि आम्हाला वायफायचा पासवर्ड. माझ्या शेजारचे एक आजोबा शांतपणे डुलकी काढत होते, पलीकडच्या आईची ऑफिसची मीटिंग चालू होती. मुलांपुढे आधीच रेघा छापलेला छोटा कॅनव्हास ठेवला. गोल नक्षी, त्यात पाकळ्या, पाकळ्यांत आकडे. एक म्हणजे पिवळा, दोन म्हणजे निळा. नातीनं अर्ध्या तासात भरून टाकला आणि विचारलं, ‘आजी, आता?’ नातवानं दोनच्या जागी एक भरला म्हणून शिकवणाऱ्या ताईंनी हळूच पुसून दिला. पुसला नसता तर काय बिघडलं असतं?

वयाचंही एक सांगायला हवं. चार वर्षांच्या पोरांपासून बारा वर्षांच्या मुलांपर्यंत सगळे एकाच खोलीत. धाकट्यांना कात्री जमत नाही, मोठ्यांना कंटाळा येतो, आणि ताई मधल्यामध्ये. त्यात शिकवणं गुजराती-इंग्रजी मिसळून. आमच्या शेजारच्या पटेलांच्या मुलीला अडचण नाही, पण पुण्याच्या नातवाला ‘अहीं बेस’ म्हटलं की तो माझ्याकडे बघायचा. ही काही गॅलरीची चूक म्हणत नाही, बडोद्यात गुजराती नाही बोलायची तर कुठे? पण पाहुणी मुलं घेऊन जाणार असाल तर घरी चार वाक्यं शिकवून न्या.

दुसरा दिवस पिठोराचा होता, आणि मला खरं बोलायचंय ते याच दिवसाबद्दल. छोटा उदेपूर इथून काही फार लांब नाही. तिथल्या राठवा आदिवासींच्या घरात नवस फेडायला भिंतीवर पिठोरा लिहितात. हो, तिकडे ‘लिहितात’च म्हणतात, आणि लिहिणाऱ्याला लखारा. भिंत शेण-मातीनं सारवायची ती घरातल्या कुमारिकांनी, रंगात दूध आणि महुड्याची, म्हणजे मोहाची, दारू घालायची, आणि चित्र पुरं झालं की बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, ते वाचून, तपासून, मान्य करणार. घोडे असतात ते पिठोरा देवाच्या लग्नाच्या वरातीतले. यातलं अक्षरही कोणी मुलांना सांगितलं नाही. घोड्याचा साचा दिला, पोस्टर कलर दिले, ‘ठिपके ठिपके करा’ म्हटलं. चाळीस मिनिटांत सगळ्या मुलांचे सारखे घोडे भिंतीला टांगले गेले आणि पालकांनी फोटो काढले.

तिथेच ती मदतनीस मुलगी कामाला आली. फाइन आर्ट्सला शिकणारी, सुट्टीत चार पैसे मिळवायला आलेली असावी. माझ्या नातवाचा घोडा साच्याबाहेर गेला होता, पाय पाच झाले होते. ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि म्हणाली, ‘हा कोणाचा घोडा? देवाचा की पाहुण्यांचा?’ मग तिनं वरातीची गोष्ट सांगितली, तोडक्यामोडक्या हिंदीत. त्यानंतर त्यानं त्या घोड्यावर बसवायला स्वतःहून एक माणूस काढला, मागं एक कुत्रं काढलं, आणि एक डबा काढला. डब्यात काय, तर वरातीतले लाडू. नातीनंही साचा बाजूला ठेवला. तिच्या घोड्याचं तोंड गाढवासारखं झालं, पण तिचंच झालं. पुढची पंधरा मिनिटं त्या टेबलाभोवती दुसरीही मुलं गोळा झाली. दहा वाक्यांची गोष्ट, तिला वेगळा खर्च शून्य. ही मुलगी नसती तर मी तिसऱ्या दिवशी आले नसते.

तिसऱ्या दिवशी आम्हाला खुर्च्यांवरून उठवलं. जमिनीवर पडद्याएवढं कापड पसरलं होतं, कडेनं भेंड्या, कापलेले बटाटे, कारल्याच्या चकत्या आणि कापडावर छपाई करणाऱ्या छिपांचे जुने लाकडी ठसे. कापडाचा एक तुकडा एका कुटुंबाला. भेंडीचं फूल उमटतं हे मला माहीत होतं, पण कारल्याचं इतकं सुंदर उमटेल असं वाटलं नव्हतं. डुलकी काढणाऱ्या आजोबांनी लुंगीला निळा रंग लावून घेतला आणि त्यांना काहीही वाटलं नाही. मीटिंगवाल्या आईनं फोन पिशवीत टाकला. माझ्या नातवानं माझा तळहात रंगवून उमटवला आणि शेजारी आपला छोटा. माझी नात मात्र कडेची रांग अगदी फुटपट्टी लावल्यासारखी उमटवत होती. तिच्या आईचं वळण. हे वर्कशॉप पहिल्या दिवशी हवं होतं, मग माझे तीनशे रुपये पहिल्याच दिवशी वसूल झाले असते.

स्वच्छतेला पूर्ण मार्क. बाथरूम चकाचक, माठाचं आणि फिल्टरचं दोन्ही पाणी, एसी असा की बाहेर बेचाळीस डिग्री आहे हे विसरायला होतं. ॲप्रन धुतलेले. रंग बिनविषारी, हाताला खाज नाही. खाण्याचं काही नव्हतं, ठेपल्यांचा डबा मी नेला होता तो सगळ्यांनी संपवला.

आता तीनच तारे का. वर्कशॉप गॅलरीत होतं, पण गॅलरी बंद होती. खालच्या हॉलमध्ये एका तरुण चित्रकाराची मोठी चित्रं लावलेली होती, काचेतून दिसत होती. मी विचारलं, मुलांना दहा मिनिटं आत नेऊ का? तर म्हणाले, ‘नको आंटी, मुलं हात लावतील.’ म्हणजे मुलं तीन सकाळी गॅलरीत येऊन एकही चित्र न बघता गेली. मग हे शाळेच्या हॉलमध्ये किंवा सोसायटीच्या कम्युनिटी रूममध्येच का नको? भाडं तरी वाचेल. घरी आल्यावर नातीनं विचारलं, ‘आजी, ते मोठं हिरवं कशाचं चित्र होतं?’ मला सांगता आलं नाही, कारण मीही काचेतूनच बघितलं होतं.

म्हणून पुढच्या आठवड्यात मी दोघांना महाराजा फत्तेसिंह म्युझियममध्ये नेलं. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात, आणि ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांच्या शाळेसाठी बांधलेली. बाहेर छोट्या आगगाडीचं इंजिन आहे; राजवाड्यातल्या मुलांसाठी खरोखरची गाडी होती म्हटल्यावर नातवाला पुढचा अर्धा तास आत यायचं नव्हतं. त्याचा तो वेळ मोजूनच निघा. सोमवारी म्युझियम बंद असतं.

आत राजा रविवर्मा. बडोद्यात राहून रविवर्म्याची चित्रं न बघितलेले लोक मला बरेच भेटतात आणि मी त्यांना दरवेळी टाकून बोलते. सयाजीराव महाराजांच्या राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास, १८८१ साली, दिवाण टी. माधवरावांनी त्याला इकडे बोलावलं. पुढे महाराजांनी पुराणातल्या प्रसंगांची चौदा चित्रं काढून घेतली. ती पूर्ण झाल्यावर लोकांना बघायला मांडली तेव्हा तोबा गर्दी झाली होती, म्हणजे आमच्या पणजोबांच्या पिढीनं रांग लावून बघितलेली चित्रं ही. आणि आपण आज राजवाड्याबाहेर सेल्फी काढून परत जातो.

मी वर्कशॉपसारखंच करायचं ठरवलं, पण बिनफीचं. प्रत्येकाला एक वही आणि एक पेन्सिल, बस. रंग नकोत, अशा जागी ओलं काही नेऊच नये, आणि राखणदाराला आधी विचारायचं. एका चित्रासमोर एकच प्रश्न. पटापट सगळं दाखवायचं नाही, चार-पाच चित्रं झाली की बाहेर. नाहीतर मुलांचे पाय दुखतात आणि मग सगळे राजे सारखे दिसायला लागतात.

सरस्वतीसमोर प्रश्न होता: हात किती आणि कशाकशात गुंतलेत? दोन वीणेवर, एकात माळ, एकात पोथी. नातवानं देवी काढलीच नाही, नुसते चार हात काढले, अधांतरी, आणि खाली मोर. नात एकदम म्हणाली, ‘अगं, हे तर आपल्या देवघरातलंच आहे!’ तेच तर. लक्ष्मीचंही तसंच, कमळावर उभी, बाजूला हत्ती. आपल्याकडच्या कॅलेंडरांवर, दुकानांच्या गल्ल्यांवर, देवघरात जी लक्ष्मी-सरस्वती आहे तिचं घराणं इथपर्यंत येतं. रविवर्म्यानं १८९४ साली मुंबईत शिळाछाप चित्रांचा छापखाना काढला आणि देव घरोघर पोचले. ज्यांना देवळात पाऊल टाकू देत नव्हते त्यांच्याही घरी पोचले. तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. पुण्याहून लोणावळ्याला लोकलनं जाताना मळवली स्टेशन लागतं, त्यामुळे माझ्या नातीला हे एकदम आपल्या घरचं वाटलं. ‘आम्ही तिथून जातो, आजी, मला माहीतच नव्हतं!’ पोरगी पुण्याची, छापखाना तिच्या वाटेवरचा, आणि कळलं बडोद्यात.

कंसमायेच्या चित्रासमोर नातू बराच वेळ उभा होता. कंसाच्या हातून सुटून माया वर गेलेली, आणि कंस वर बघतोय. प्रश्न होता: इथे सगळ्यांत जास्त कोण घाबरलंय? मला वाटलं होतं देवकी म्हणेल. तो म्हणाला, ‘तलवारवाला.’ मी पुन्हा बघितलं तर खरंच. किती वर्षं मी ते चित्र बघतेय!

साड्यांवर नात अडकली. रविवर्म्याच्या पुराणातल्या बऱ्याच बायका महाराष्ट्रातल्यासारखं नऊवारी नेसलेल्या दिसतात. दमयंती काय नि राधा काय, आपल्याच गल्लीतल्या वाटाव्यात. नातीला वहीत निऱ्या जमेनात. तिनं चार वेळा खोडलं. मग मी माझ्या ओढणीच्या निऱ्या करून दाखवल्या, तिथेच बाकावर बसून. राखणदार येऊन वहीत डोकावला आणि ‘बहु सरस’ म्हणून गेला. वर्कशॉपच्या प्रमाणपत्रापेक्षा हे तिला जास्त भावलं. घरी येऊन आजोबांना सांगितलं ते हेच.

इटालियन शिल्पकार फेलिचीची शिल्पंही तिथे आहेत. त्यांच्याभोवती फिरून मागून काढायला सांगा. पाठीमागून माणूस काढायचा म्हटलं की नाक-डोळ्यांचं टेन्शन जातं आणि लहान मुलं एकदम सुटतात.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. कमाटी बागेतलं बडोदा म्युझियम आणि पिक्चर गॅलरी सगळ्यांना माहीत आहे. म्युझियमची इमारत १८९४ची, चित्रांची त्यानंतरची, पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला आणि ती १९२१ला उघडली. पण तिथे मुलांना चित्रं दाखवायची तर एक अडचण आहे: देवमासा. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी, या दोघांपुढे कुठलंही युरोपियन निसर्गचित्र टिकत नाही. मी हट्ट सोडला. दोघांनी देवमाशाच्या फासळ्या काढल्या, वहीची दोन पानं जोडून. जाण्याआधी कोणतं दालन उघडं आहे हे विचारून निघा, सगळं एका दमात बघू नका.

रावपुऱ्यातला भाऊ तांबेकरांचा वाडा मोठ्या मुलांसाठी. भिंतीच्या भिंती रंगवलेल्या, कृष्णलीला आहे, मराठे आणि इंग्रजांची लढाई आहे. जिने जुन्या वाड्यातले, तेव्हा गुडघेवाल्यांनी बेतानं. कीर्तिमंदिरातली, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकातली, नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं, गंगावतरण आणि मीराबाई वगैरे, उंचावर आहेत. सहा वर्षांच्या पोराची मान दुखते आणि मग कुरकुर सुरू होते. दहाच्या वर असेल तर जरूर न्या. मी नातीला एकटीला नेईन पुढच्या वेळी.

गॅलरीवाल्यांना मी अभिप्रायाच्या कागदावर दोन्ही बाजूंनी लिहून दिलं. ज्या शहरात फाइन आर्ट्सची फॅकल्टी १९५०पासून आहे, जिथे इंदूरचे चित्रकार बेंद्रे शिकवायला आले, जिथे के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या कलावंतानं फॅकल्टीच्या जत्रेसाठी लाकूड, चामडं आणि मणी जोडून खेळणी केली, त्या शहरात मुलांना आकडे छापलेली नक्षी भरायला देऊ नये. सुब्रमण्यन यांची ती खेळणी बघा कुठे मिळाली तर. लाकडाच्या चार तुकड्यांत पक्षी उभा राहतो. आपल्याकडे घरात मोडकी खेळणी, बटणं, नाडे पडलेले असतात. वर्कशॉपवाल्यांनी एवढंच घेऊन यायला सांगितलं असतं तरी तयार किटचा खर्च वाचला असता आणि फी चारशेवर आली असती. हिशेब मी कागदावर करूनच दिला, बँकेची सवय.

वयाप्रमाणे दोन गट करा, मोठ्यांना पहिल्याच दिवशी जमिनीवर बसवा, साचे फेकून द्या, आणि रोज निदान पंधरा मिनिटं हॉलचं दार उघडा, मुलांचे हात मागे बांधायला लावून का होईना, असं चार ओळींत खाली लिहिलं. त्या मदतनीस मुलीला कायम ठेवा हे दोनदा अधोरेखित केलं.

काउंटरवरच्या मुलानं कागद वाचला, हसला, आणि ‘दिवाळीच्या बॅचला सांगतो आंटी’ म्हणाला. पाहू. नातीनं निघण्याआधीच दिवाळीसाठी नाव घालून ठेवलंय. मी म्हटलं, हॉल उघडणार असतील तर मी नेईन, नाहीतर फत्तेसिंह म्युझियम आहेच. फी मात्र या वेळी तिच्या आईनं भरायची, असं फोनवर ठरलंय.